पंचेचाळीस अंश, तेही सावलीतले

मेच्या अखेरीस, नवतपाच्या दुपारी, विदर्भातल्या रस्त्यावर तीनच गोष्टी दिसतात: ट्रक, झळा आणि बाहेरगावचा सायकलवाला. पहिल्या दोघांचा नाइलाज असतो. तिसऱ्याने महिनाभर आधी रजा टाकलेली असते.

हा बहुधा पुणे-मुंबईकडचा आणि एकटाच असतो, कारण बाकीच्यांना ऐनवेळी लग्नं निघालेली असतात. बेत नागपूर ते सेवाग्राम, साधारण ऐंशी किलोमीटर. समृद्धी महामार्गावर सायकलला मज्जाव, म्हणून बुटीबोरी, केळझर, सेलू, पवनार हा नेहमीचा रस्ता. घाट नाही, म्हणजे त्याच्या लेखी अवघड काही नाहीच. पहाटे पाचला निघाला असता तर खरोखरच नव्हतं. पण नागपुरात आलेला माणूस तर्रीपोहे न खाता शहराबाहेर पडत नाही आणि तर्रीपोहे खाल्लेला माणूस लगेच उठत नाही.

नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, हे त्याने वाचलेलं असतं. मात्र हवामान खात्याचा तापमापक उन्हात उभा नसतो, हे त्याच्या ध्यानात आलेलं नसतं. तो जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीला बसून पंचेचाळीस म्हणतो. पेटीबाहेरचं डांबर तोवर साठी ओलांडून गेलेलं असतं, आणि सायकल पेटीतून चालवता येत नाही.

‘चालवताना वारा लागतोच की’ हा सह्याद्रीतला युक्तिवाद इथे बुटीबोरीपर्यंतसुद्धा टिकत नाही. त्वचेचं तापमान साधारण पस्तीस अंश. हवा त्याहून तापली की वारा अंगातली उष्णता नेत नाही, स्वतःची आणून देतो. उरतो एक घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण विदर्भाच्या कोरड्या हवेत तो आला कधी आणि वाळला कधी, कळतच नाही. आपला पठ्ठ्या खूश: इतकी सायकल मारली, घाम म्हणून नाही! मग काळ्या जर्सीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात आणि खुशी ओसरते.

बाटलीतलं पाणी एव्हाना असं झालेलं असतं की चहापत्ती तेवढी टाकायची बाकी. मुरलेले सायकलवाले बाटलीला ओला मोजा चढवतात, पाणी बऱ्यापैकी गार राहतं. याच्याकडे मोजे असतात, पण ते पायात असतात.

अशा वेळी कडुनिंबाखाली एक पाणपोई लागते. लाल फडकं गुंडाळलेला रांजण, साखळीने बांधलेला पेला आणि राखणीला एक म्हातारी. रांजणही झिरपतो, वाऱ्यावर वाळतो आणि गार होतो; फरक एवढाच, की तो सावली सोडून हिंडत नाही.

“काहून जी, गाडी नाही भेटली का?”

“नाही आजी, हौसेनं निघालोय.”

म्हातारी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळते. “घरच्यायले मालूम हाय का?”

मग ती त्याचं हेल्मेट काढायला लावते, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळते आणि खिशात कांदा कोंबते. टूर द फ्रान्सचे खेळाडू पातळ मोज्यांत बर्फ भरून मानेमागे ठेवतात. तेव्हा दुपट्ट्याबद्दल शास्त्राची तक्रार नसावी. कांद्याला मात्र शास्त्राचा आधार नाही. पण वाद घालण्याइतकं पाणी त्याच्या अंगात उरलेलं नसतं. नुसतं पाणी ढोसू नको, हा तिचा सल्ला तर डॉक्टरही देतील. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ एवढ्यावर भागतं. साखर आतड्यातून मिठाला आणि पाण्याला सोबत ओढून नेते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच मार्गाने कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांना वाचवलं.

यापुढे तो किलोमीटर मोजणं सोडून झाडं मोजतो, आणि तिथे हिशेब लागत नाही. रस्ते रुंद करताना कडेच्या चिंचा आणि निंब गेले, दुभाजकावर कण्हेरी आल्या. कण्हेरीच्या सावलीत फार तर पुढचं चाक मावतं. शेवटी बारा ते चार केळझरला कुणाच्या तरी बाजेवर, शेळ्यांच्या सहवासात.

पवनारला धाम नदी ओलांडून, वर्ध्यात गोरसपाक खाऊन, दिवेलागणीला तो सेवाग्रामला टेकतो. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी या गावात राहायला आले ते वर्ध्याहून पायी. वय ६६, ऋतू हाच.

सायकलचं अ‍ॅप थांबलेला वेळ धरत नाही. त्यामुळे बाज, रांजण, शेळ्या गायब. सरासरी वेग मात्र झकास. तो ग्रुपवर पडताच अंगठ्यांचा पाऊस सुरू होतो. लग्नाला गेलेल्यांपैकी एकजण विचारतो, ‘पुढच्या आठवड्यात चंद्रपूर? तिकडे सत्तेचाळीस म्हणतात.’

उत्तर यायला वेळ लागतो. तो लॉजवर बादलीने कूलरची टाकी भरत असतो.