चिरंजीवांचा गळ आणि दिल्लीचं पाणी

नोएडा,
१६ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस आणि आईंस साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. आम्ही सगळे खुशाल आहोत. खुशालीचा आकडा इथे रोज सकाळी मोबाइलवर येतो. हवेचा निर्देशांक ३००च्या खाली असला की सोसायटीतली मंडळी लिफ्टमध्ये एकमेकांना ‘आज मौसम बढ़िया है’ असं म्हणतात आणि आम्हीही मान डोलावतो. नातवाची शाळा धुरामुळे मधूनमधून घरीच भरते. तो हिंदीत भांडतो आणि मराठीत रडतो, म्हणजे मातृभाषा अजून शाबूत आहे.

रेवदंड्याहून निघताना शेजारच्या काकूंनी ‘परदेशात जपून राहा गो’ म्हणून बजावलं, तेव्हा मी हसले होते. आता हसत नाही. आपल्याकडे कुठल्याही वाटेने खाली उतरलं की पाणी लागतं, इथे कुठल्याही वाटेने निघालं की टोलनाका लागतो. बाजीरावसाहेब १७३७ साली तालकटोऱ्यापर्यंत आले, दिल्लीकरांना धडकी भरवली आणि माघारी वळले. आमच्या मोहिमेला कंपनीने तीन वर्षांचा करार घातलाय.

तर मुद्द्याचं. ‘उघाडीवर जिताडा गरवायला हल्ली पोरं रॉड घेऊन येतात, मलाही एक घ्यावासा वाटतो. आमचा मुलगा त्यातला जाणकार झालाय असं ऐकतो, त्याला विचारून कळव,’ असं तुम्ही लिहिलंत. बाबा, मी विचारलं. आमटी गार झाली, परत गरम केली, परत गार झाली, तरी उत्तर चालूच होतं. त्यातलं कामाचं तेवढं लिहिते, पण आधी हे जाणकारपण कुठून आलं ते तुम्हाला कळायला हवं.

तुमच्या चिरंजीवांना ज्या माशाचं वेड लागलंय तो अमेरिकेतला आहे. लार्जमाउथ बास. हिरवट अंग, कुशीवर काळपट पट्टा आणि वरचा जबडा थेट डोळ्याच्या मागे पोचेल एवढं तोंड. तिकडे या एका माशासाठी मोठमोठ्या स्पर्धा भरतात. रात्री सगळे झोपले की चिरंजीव ते व्हिडिओ बघतात आणि सकाळी मला सांगतात की पाणी इतकं गढूळ असेल तर अमुक रंगाचं आमिष. हा मासा यमुनेत नाही, हिंडनमध्ये नाही, आमच्या सोसायटीच्या कारंज्यात तर नाहीच. पण साहित्य घ्यायला मासा कशाला हवा? कार्ड चालतं.

पहिला आला रॉड. खरं सांगायचं तर हे प्रकरण मला पटलं. रॉडच्या मुठीपाशी बारीक अक्षरात चार-पाच गोष्टी छापलेल्या असतात: लांबी, ताकद, वाक कुठे येतो, किती वजनाचं आमिष फेकायचं आणि किती पौंडांची दोरी लावायची. ताकद म्हणजे वाकवायला किती जोर लागतो ते. ‘फास्ट’ लिहिलं असेल तर फक्त शेंडा वाकतो, ‘मॉडरेट’ असेल तर निम्मा रॉड वाकतो. आमिषाला जाड एकेरी गळ असेल तर तो माशाच्या टणक जबड्यात रुतवायला कडक, फास्ट रॉड. बारीक तीन-काट्यांचे गळ असतील तर थोडा नरम रॉड, म्हणजे मासा उसळला तरी रॉड झोल खातो आणि गळ निसटत नाही. ही सगळी विद्या मुठीवर फुकट छापलेली असते. चिरंजीवांनी रॉडचा रंग बघून घेतला आणि मूठ घरी आल्यावर वाचली.

मग रील. यात दोन जाती. एक रॉडच्या खाली लटकतं, त्याला स्पिनिंग म्हणतात. फेकताना त्याचा रूळ जागेवरच असतो आणि दोरी वेढ्या-वेढ्याने सुटते. नवशिक्याला हेच बरं, हलकं आमिषही त्यावर लांब जातं. दुसरं रॉडच्या डोक्यावर बसतं, ते बेटकास्टर. त्यात रूळ स्वतः गरगर फिरतो. जड आमिष अचूक जागी टाकायला ते उत्तम, पण आमिष हवेत मंदावलं तरी रूळ त्याच वेगात फिरत राहतो. अंगठ्याने त्याला वेळेवर दाबलं नाही तर काय होतं? पंगतीत पुढचा वाढपी थबकला आणि मागचे पातेलं घेऊन येतच राहिले की जे होतं, तेच दोरीचं होतं. चिरंजीवांनी अर्थातच बेटकास्टर घेतलं. सोसायटीच्या हिरवळीवर बिनगळाचं वजन बांधून सराव सुरू झाला. पहिल्या फेकीनंतरचा गुंता सोडवायला नातू, वॉचमन आणि तिसऱ्या मजल्यावरचे सरदारजी असे तिघे बसले होते. सरदारजींनी सुटलेली दोरी परत देताना फार मायेने सांगितलं, ‘बेटा, मच्छी ही खानी है तो सी. आर. पार्क चले जाओ.’ हे वाक्य लक्षात ठेवा बाबा, पुढे उपयोगी पडणार आहे.

रीलबद्दल एक गोष्ट तुम्हाला आवडेल. अबू नावाची स्वीडनची नामांकित कंपनी १९२१ साली सुरू झाली ती घड्याळं बनवायला. पुढे ती टॅक्सीचे मीटर बनवू लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टॅक्सीमीटरला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा त्याच बारीक दातेरी चाकांच्या कसबावर त्यांनी मासेमारीची रीलं काढली आणि जगभर नाव कमावलं. मी हे आमच्या रिक्षावाल्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘मैडम, मीटर का यही होना था.’

आता लूर, म्हणजे खोटं आमिष. घराची खरी पडझड इथे झाली. प्लास्टिकचे मासे, धातूचे चमचे, रबरी गांडुळं, झालर लावलेली शिशाची डोकी. बाथरूमच्या कपाटात माझ्या क्रीमशेजारी एक डोळे वटारलेला बेडूक सुकत होता. कामवाल्या दीदींनी तो पाहिला आणि त्या दिवशीची भांडी मी घासली.

पण या खेळण्यांमागे डोकं आहे, हे कबूल. फिनलंडमध्ये लाउरी रापाला नावाचा गरीब कोळी होता. होडी वल्हवता वल्हवता त्याने पाहिलं की शिकारी मासा अख्ख्या थव्यातून नेमका तो लहान मासा उचलतो, जो जरा लंगडत, एका अंगावर कलत पोहतो. १९३६ साली त्याने सुरी घेऊन बुचाच्या लाकडाचा तसाच लंगडणारा मासा कोरला. वरून चॉकलेटच्या वेष्टनातला चंदेरी कागद लावला आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. आज दुकानात जे लाकडी-प्लास्टिकचे मासे टांगलेले असतात, त्यातले कितीतरी त्याच लंगडीचे वारस आहेत. त्यांच्या हनुवटीला एक पारदर्शक पट्टी असते. पट्टी आखूड आणि उभी असेल तर मासा वरच्या थरात पोहतो, लांब आणि आडवी असेल तर खोल बुडी मारतो. पाणी किती खोल आहे ते आधी बघायचं, मग पट्टी बघायची, रंग सगळ्यांत शेवटी. पाण्यात खोल गेलं की लाल रंग सर्वांत आधी मावळतो आणि गढुळात तर रंगापेक्षा थरथरच जास्त कळते. माशाच्या कुशीवर जी रेघ असते ती त्याच कामासाठी. हे मला कळलं, नातवाला कळलं. चिरंजीव मात्र अजून सगळ्या छटा जमवताहेत.

मी एकदा जेवताना विचारलं, जगातला सगळ्यांत मोठा बास कोणी धरला? उत्तर चिरंजीवांनाच जड गेलं. १९३२ साली जॉर्ज पेरी नावाच्या तरुण शेतकऱ्याने जॉर्जिया राज्यात तो धरला, २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या जरा वर. असं सांगतात की त्याच्याकडे आणि त्याच्या मित्राकडे मिळून एकच लूर होता. मासा घरी नेऊन त्यांनी खाल्ला. त्या वजनाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडलं. जपानच्या बिवा तलावात मनाबू कुरिता याने ती साधली, आणि गळाला लावला होता चक्क खराखुरा जिवंत मासा. हे ऐकून मी चिरंजीवांच्या तीन मजली पेटीकडे नुसतं बघितलं. बोलले काही नाही. आईंनी शिकवलंय तसं.

एवढं झाल्यावर मोहीम निघायलाच हवी होती. ओखल्याला यमुना आहे, पण तिथे पक्षी अभयारण्य आहे, गळ टाकता येत नाही. आणि बंधाऱ्याखाली साबणासारखा पांढरा फेस येतो तो सांडपाण्यातल्या डिटर्जंटचा. त्यातून निघालेला मासा धुवायची गरज पडणार नाही, पण खायची हिंमतही होणार नाही. म्हणून सोहन्याच्या बाजूला एका शेतावरच्या खासगी तळ्यावर गेलो. पैसे भरायचे आणि दिवसभर बसायचं. तळ्यात होते रोहू, कटला आणि ग्रास कार्प, म्हणजे शेवाळ, प्लवंग आणि गवतावर जगणारी सात्त्विक मंडळी. त्यांच्यापुढे चिरंजीवांनी लंगड्या माशांची परेड काढली. एकाने ढुंकून पाहिलं नाही. शेजारी एक म्हातारे मियाँजी बसले होते. त्यांच्याकडे बांबूची काठी, आणि डब्यात सत्तू, कणीक, भाजलेली मेथी यांचा गोळा. ते दर थोड्या वेळाने एक रोहू काढत होते आणि आमच्याकडे अत्यंत सभ्यपणे बघत नव्हते.

शेवटी त्यांनाच दया आली. तळ्याच्या कोपऱ्यात जलपर्णी माजली होती तिकडे बोट करून म्हणाले, ‘वहाँ सौल है। मेंढक है आपके पास?’ सौल म्हणजे आपली मरळ. पक्की शिकारी, जबडा कडक, हवा घ्यायला सारखी वर येणारी. बेडकाचे गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, म्हणून तो पानांवरून सरपटत जातो आणि अडकत नाही. जाड विणीची दोरी, कडक रॉड, सगळं बाससाठी घेतलेलं आणि सगळं मरळीला जुळणारं. पानांवर धपकन आवाज झाला. मियाँजी ओरडले, ‘रुको! निगलने दो!’ चिरंजीव एक श्वास थांबले, मग रॉड मारला, आणि मरळ आली! पावसाळ्यात मरळीची जोडी पिल्लांच्या थव्यावर पहारा देते, तेव्हा तिला धरू नये असं मियाँजींनी बजावलं. हा नोव्हेंबर होता, त्यामुळे आम्ही आल्या-लसणाचं वाटण लावून निर्धास्त जेवलो. दीदींनीही बेडकाला माफ केलं.

आता सरदारजींचं वाक्य. मी खरोखरच सी. आर. पार्कच्या बाजारात गेले. तिथे बंगाली मासेवाल्याकडे बर्फावर भेटकी पडलेली होती. चंदेरी अंग, खोबणीतलं डोकं. आपला जिताडा! या माशाला इंग्रजीत सी बास म्हणतात, हे चिरंजीवांना मी सांगितलं. अमेरिकन बासशी त्याचं नातं नाही, तो अमेरिकन मुळात सनफिश घराण्यातला. पण दबा धरून बसायचं आणि भक्ष्य तोंडात ओढून घ्यायचं, ही खोड दोघांची सारखीच. म्हणजे दिल्लीत बास पकडला तो मी. लागलेलं साहित्य: एक कापडी पिशवी आणि भाव करायची जीभ.

बाबा, तुमच्या कामाचं आता एकदाच नीट लिहिते. रॉड आठ फुटी, मीडियम-हेवी, शेंड्याला फास्ट. रील स्पिनिंगच घ्या, ४००० आकाराचं, खाऱ्या पाण्यात टिकणारं, आणि प्रत्येक वेळी घरी आल्यावर गोड्या पाण्याने हलकं धुवा. दोरी विणीची, ३० पौंडांची. तिच्या टोकाला हातभर जाड नायलॉनची, ५० पौंडांची, कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी धारदार असते आणि साधी दोरी ती कापून टाकते. रीलचा ब्रेक दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शावर ठेवा. आईंचा ताणकाटा दोरीच्या टोकाला अडकवून ओढलं की आकडा कळतो. आमिष हाताच्या तळव्याएवढा एक मासा, आखूड पट्टीचा, आणि एक रबरी कोलंबी. पुरे. ओहोटी लागल्यावर उघाडीतून पाणी सुटतं तेव्हा जिताडा कुठल्या दगडाच्या आडोशाला उभा राहतो, हे कुठल्याही पेटीत मिळत नाही, आणि ते तुम्हाला पाठ आहे. पोरांना जागा दाखवायची घाई करू नका.

एक मात्र ऐका. जिताडा जन्मतो नर आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे सगळ्यांत मोठी येते ती अंडी घालणारी बाई. ती लागली तर सोडून द्या. हे तुमच्या तोंडावर सांगायची माझी प्राज्ञा नाही, म्हणून पत्रातून सांगते.

रॉड दोन तुकड्यांचा घेतला आहे, बर्थखाली मावेल. माघी गणपतीला येतो तेव्हा आणू. आईंना सांगा, येताना रिकाम्या हाताने येणार नाही आणि परतताना रिकाम्या पिशवीने जाणार नाही: सोडे, जवळा आणि थोडे वालाचे बिरडे बाजूला काढून ठेवा.

तुमची सून

ता. क. तुमच्या रॉडच्या बिलावर आणखी एक रॉड दिसला. ‘जोडीला असू दे’ असं चिरंजीवांचं म्हणणं आहे. रविवारी फोन कराल तेव्हा सहज विचारा, ‘दुसरा कोणासाठी रे?’ मी विचारलं की ते रॉडची माहिती सांगू लागतात.