अथ लग्नकॅसेट-उद्धार विधी

गोदरेजच्या कपाटात, पैठणीच्या खाली, डांबरगोळ्यांच्या संगतीत जी काळी व्हीएचएस कॅसेट पडून असते, तिच्यात एक अख्खं लग्न अडकलेलं असतं. त्याला बाहेर काढून डीव्हीडीवर बसवण्याचा हा विधी घरच्या घरी होतो. गुरुजी लागत नाहीत. यजमानाने एक मोकळा रविवार, हार्ड डिस्कवर १०० जीबी जागा आणि पत्नीची संमती आधी मिळवावी. पहिल्या दोन गोष्टी विकत किंवा उसन्या मिळतात.

पूर्वतयारी

कॅसेटच्या खिडकीतून आत पाहावं. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालूच नये. हेड तर खराब होतंच, वर पुढच्या कॅसेटलाही प्रसाद मिळतो. फीत स्वच्छ असेल तर एकदा शेवटपर्यंत पळवून परत गुंडाळावी, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटलेले वेढे सुटतात. मग व्हीसीआरची पिवळी-पांढरी-लाल वायर कॅप्चर कार्डाला जोडावी.

तीन तासांची कॅसेट संगणकात उतरायला तीनच तास घेते. थोडक्यात, ते लग्न पुन्हा पहिल्यापासून अटेंड करावं लागतं, या वेळी जेवणाशिवाय. डीव्ही स्वरूपात तासाला सुमारे १३ जीबी जागा जाते. १०० जीबी मागितले ते उगाच नाही.

छेदन

एडिटिंगचा शास्त्रोक्त नियम असा की कंटाळवाणं ते कापावं. हा नियम पाळणाऱ्या यजमानाला पुढच्या गणपतीत कोणी मोदक वाढत नाही. पंगतीत जिलबी तोंडात कोंबताना पकडले गेलेले काका बिनधास्त कापावेत, ते आभारच मानतील. मंगलाष्टकं पाच ठेवावीत. सूर सोडून म्हटलेलं एक त्यात असावंच, कारण ते घरच्याच कोणीतरी म्हटलेलं असतं. आहेराची पाऊण तासाची रांग कापण्याचा मोह मात्र प्रत्येकाला होतो. त्याबद्दल फलश्रुतीत पाहू.

दोन दृश्यांमध्ये साधा कट द्यावा. पान उलटणं, बदाम उमलणं, गरगर फिरणं यांतलं काहीही घालू नये. नवरा-नवरीला कमळात बसवण्याचं काम त्या काळच्या मिक्सिंगवाल्याने आधीच केलेलं आहे आणि ते आता कोणत्याही सॉफ्टवेअरने निघत नाही.

सोवळं

रेंडर लावला की संगणक सोवळ्यात जातो. त्याला शिवू नये, त्यावर वीजबिल भरू नये, पत्ते खेळू नयेत. यूपीएस नसेल तर पावसाळ्यात हा विधी वर्ज्य समजावा. प्रस्तुत लेखकाचे लाइट सप्तपदीच्या सहाव्या पावलाला गेले.

रेंडर लावण्यापूर्वी फील्डचा क्रम तपासावा. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांत विणलेली असते. डीव्हीत खालचं अर्धं आधी येतं. क्रम उलटा पडला तर वधू हार पुढे करते, मागे घेते, पुन्हा पुढे करते. आणि पाहुण्यांना भलत्या शंका येतात.

वाटणी

डीव्हीडीच्या खोक्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, संगणक ४.३७ दाखवतो. दोघंही खरं बोलतात. एक हजाराने मोजतो, दुसरा १०२४ ने. केटररची ताटं आणि आपली ताटं कुठे जुळतात? एवढ्या जागेत दोन तास बसवायचे तर सेकंदाला साधारण पाच मेगाबिट मिळतात. तीन तास कोंबले तर साडेतीनच, आणि मग अक्षता पडताना चित्राचे चौकोनी तुकडे होतात. कारण एमपेग हिशेबी आहे: आधीच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच तो लिहून ठेवतो. स्टेजवर तीन तास न हललेले मामा त्याला स्वस्तात पडतात. अक्षतांचा मात्र दाणा न् दाणा हलतो.

होम

डीव्हीडी ‘जाळणं’ हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. लेसर खरोखरच तबकडीतला रंगाचा थर तापवून खुणा करतो. म्हणून आधी सगळं फोल्डरमध्ये तयार करून संगणकावर चालवून पाहावं, मगच आहुती द्यावी. तबकडीवर १६ चा वेग लिहिला असला तरी ८ चा निवडावा. शेवटी ‘फायनलाइज’ करावं; ही पूर्णाहुती राहिली तर तबकडी दुसऱ्या घरच्या प्लेअरवर बहुधा चालत नाही. वर गणपतीचं कागदी लेबल चिकटवू नये. ते जरा जरी एका बाजूला सरकलं तरी तबकडी फिरताना थरथरते.

फलश्रुती

प्रस्तुत लेखकाने अशा सात तबकड्या सात घरी वाटल्या. सहा घरांतले प्लेअर कधीच भंगारात गेलेले, आणि नव्या लॅपटॉपला तबकडीचं तोंडच नाही. सातवं घर आत्याचं. तिने माळ्यावरून प्लेअर काढला, पुसला, दोन तास डोळ्यांत तेल घालून लग्न पाहिलं आणि फोन केला. “छान झालंय रे. पण मी पितळी समई दिली होती, ती कुठे दिसली नाही?”

तरी यजमानाने मूळ कॅसेट टाकू नये. न कापलेली फाइल दोन हार्ड डिस्कवर ठेवावी, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. आणि आहेराची पाऊण तासाची रांग वेगळी काढून, फोनवर पाठवता येईल अशी तयार ठेवावी. समई ३८ व्या मिनिटाला आहे.