फरारी आपला, कायदा साहेबाचा

२०१८ च्या जुलैत लंडनच्या वेस्टमिन्स्टर न्यायालयाने आपल्या सरकारकडे एक व्हिडिओ मागितला. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातली १२ नंबरची बराक दाखवा. तीही भर दुपारी, दिवे न लावता, म्हणजे खिडकीतून उजेड किती येतो ते कळेल. सीबीआयने निमूटपणे व्हिडिओ करून पाठवला. टीव्ही आहे, स्वतंत्र संडास आहे, फेऱ्या मारायला अंगण आहे. मुंबईत भाड्याची खोली बघायला जाणाऱ्याला एजंटसुद्धा इतक्या प्रेमाने खोली दाखवत नाही. ज्यांच्यासाठी ही सरबराई, ते फरारी उद्योगपती विजय मल्ल्या २ मार्च २०१६ लाच विमानात बसले होते. २०२० च्या मे महिन्यात प्रत्यार्पणाविरुद्धची तिथली अपिलं आटोपली. तरी स्वारी लंडनलाच.

मग आपल्याकडे हमखास ऐकू येतं, की इंग्रजांचा कायदाच तसला, माणूस परत द्यायचा म्हटलं की त्याच्या जिवावर येतं. साफ चूक. मनात आलं की हा कायदा फार चपळ. नाशिकच्या विनायक दामोदर सावरकरांना १३ मार्च १९१० ला लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर पकडलं. १ जुलैला त्यांना घेऊन बोट मुंबईकडे निघालीसुद्धा. मधल्या साडेतीन महिन्यांत मॅजिस्ट्रेट, हायकोर्ट, अपील, सगळं यथासांग उरकलं होतं.

(सावरकर म्हटलं की आपल्याकडे बाह्या सरसावल्या जातात. दोन्ही तटांनी हे पान संपेपर्यंत दम धरावा. इथे आरोपी सावरकर नाहीत, कायदा आहे.)

साहेबाकडे तेव्हा फरारींसाठी दोन कायदे होते. एक १८७० चा, परदेशांसाठी. त्यात स्पष्ट लिहिलेलं, की गुन्हा राजकीय असेल तर माणूस परत देणार नाही. लंडनला याचा कोण अभिमान! दुसरा १८८१ चा फरारी गुन्हेगार कायदा, साम्राज्यातल्या साम्राज्यात माणसं इकडून तिकडे पाठवण्यासाठी. त्यात राजकीय गुन्ह्याची सवलत शोधायला गेलात तर सापडत नाही. राणीच्या राज्यात राणीविरुद्ध राजकारण असतं कुठे? दहाव्या कलमात एक झरोका ठेवला होता : प्रकरण क्षुल्लक असेल, मागणीत खोट असेल, किंवा परत पाठवणं अन्यायाचं वा जाचाचं होणार असेल, तर न्यायाधीशाने माणूस सोडावा. झरोका होता, पण कुणासाठी उघडायचा ते न्यायाधीशाच्या हाती.

आता पहिल्या कायद्याची दिलदारी बघा. १८९० च्या सप्टेंबरात स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात बंड झालं. कास्तिओनी नावाच्या माणसाने तिथल्या सरकारातल्या रोसी या सभासदाला गोळी घातली आणि तो लंडनला पळाला. स्विस सरकारने त्याला मागितलं. इंग्लिश न्यायाधीशांनी विचार केला आणि सांगितलं, हा राजकीय गुन्हा, आम्ही देत नाही. कास्तिओनी सुटला. प्रत्यक्ष सरकारी माणूस मारलेला, स्वतःच्या हाताने, भरदिवसा. तरी सुटला.

सावरकरांवर आरोप काय होते? १९०६ साली हिंदुस्थानात केलेली भाषणं, राजाविरुद्ध युद्धाचा कट, लंडनहून शस्त्रं पाठवणं आणि नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनाला साहाय्य. जॅक्सन यांना २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या, तेव्हा सावरकर हजारो मैल दूर होते. सरकारचं म्हणणं, पिस्तूल लंडनहून धाडलेल्या २० ब्राउनिंगपैकी. असेल. पण तिचिनोतली गोळी राजकीय आणि नाशिकमधली फौजदारी, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात? परक्याच्या सरकारवर झाडली तर गोळी राजकीय, आपल्यावर आली तर निव्वळ खून, एवढाच तो हिशेब.

सावरकरांच्या वकिलांनी दहाव्या कलमाचा दरवाजा ठोठावला. मुंबईत खटला चालेल तो १९०८ च्या खास कायद्याखाली तीन न्यायाधीशांपुढे. ज्युरी नाही, अपील नाही. लंडनमध्ये चालवा, ज्युरी तरी मिळेल. हा जाच नाही तर काय? अपील कोर्टाला त्यात जाच दिसला नाही. लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगातल्या या माणसाची मुंबईतली कोठडी कशी असेल, उजेड किती येईल, याची चौकशी कुणाला करावीशी वाटली नाही. व्हिडिओ नव्हते तेव्हा, हे मान्य. पण प्रश्न विचारायला कॅमेरा लागत नाही.

पुढची हकिगत मराठी घरांत तोंडपाठ असते. ८ जुलै १९१० ला ‘मोरिया’ बोट फ्रान्सच्या मार्सेय बंदरात थांबली असताना सावरकर संडासाच्या खिडकीतून समुद्रात उतरले, पोहत धक्क्याला लागले आणि पळाले. आपल्याकडे दर पिढीत तो समुद्र थोडा रुंद होतो. प्रत्यक्षात बोट धक्क्याजवळच होती. अवघड होतं ते पोहण्यानंतरचं. फ्रेंच भूमीवर पाय टेकले की १८८१ चा कायदा संपला. तिथून परत न्यायचं तर फ्रान्सशी १८७६ साली झालेला करार लागू, आणि त्यात राजकीय गुन्हेगार वगळलेले. म्हणजे काही मिनिटांच्या पोहण्याने हा माणूस कास्तिओनीच्या रांगेत जाऊन बसला होता! बसू दिलं नाही. एका फ्रेंच पोलीस हवालदाराने त्याला धरलं आणि बोटीवरून धावत आलेल्या तिघांच्या मदतीने परत बोटीवर चढवलं. ना अर्ज, ना न्यायाधीश, ना सही. गंमत म्हणजे त्याच वर्षी एप्रिलपासून इंग्रजांना हवे असलेले अरविंद घोष फ्रेंचांच्याच पाँडिचेरीत सुखरूप होते. फ्रेंच भूमीतही फरक असतो, काय करणार.

पॅरिसमध्ये मादाम कामा आणि मार्क्सचा नातू जाँ लोंगे यांनी आरडाओरडा केला, फ्रान्सला लाज वाटली, माणूस परत द्या अशी मागणी झाली आणि २५ ऑक्टोबर १९१० ला दोन्ही सरकारांनी प्रकरण हेगच्या लवादाकडे द्यायचं ठरवलं. पाच पंच. त्यात एक इंग्रज, एक फ्रेंच. हिंदी माणसाविषयी निवाडा. पंच होण्याचं सोडा, त्याला बाजू मांडायलाही जागा नाही. भांडण दोन राज्यांचं होतं, माणूस फक्त वादातला ऐवज.

आणि लवाद जमेपर्यंत मुंबईचं न्यायालय काही हात बांधून बसलं नव्हतं. २४ डिसेंबर १९१० ला एक जन्मठेप, ३० जानेवारी १९११ ला दुसरी. बेरीज ५० वर्षं. हेगमध्ये सुनावणी उघडली १४ फेब्रुवारीला. ज्याला परत करायचं की नाही ते ठरायचं होतं, त्याची शिक्षा आधीच ठरून गेलेली. २४ फेब्रुवारीला निवाडा आला. त्याचा सारांश असा, की धरून हवाली करण्यात अनियमितता झाली हे खरं, पण तेवढ्यासाठी माणूस परत द्यायला भाग पाडणारा कुठलाही आंतरराष्ट्रीय नियम नाही. आपल्याकडची प्रत्येक चौकशी समिती हेगमध्ये शिकून आलेली असावी. अनियमितता झाली, दोषी कुणी नाही, आहे ते तसंच राहू द्या. जुलैत सावरकर अंदमानला पोचले.

आता हसू आपल्यावर. स्वातंत्र्य आलं, प्रजासत्ताक आलं, तरी हा १८८१ चा कायदा आपल्या कपाटात होताच, आणि आपल्याच मद्रास सरकारने तो बाहेर काढला. सिंगापूरहून आलेल्या एका दांपत्याला सिंगापूरच्या वॉरंटवरून धरलं. या कायद्याच्या दुसऱ्या भागात शेजारच्या वसाहतींची मोट बांधून दिलेली होती. तिथे सकृद्दर्शनी पुरावा दाखवण्याचीही गरज नसे, वॉरंट आलं की माणूस बांधून पाठवा. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की बाबांनो, भारत आता ब्रिटिशांची मालमत्ता नाही, ही मोट सुटली. हे कळायला चार वर्षं आणि एक खटला लागला. स्वतःचा प्रत्यार्पण कायदा करायला १९६२ उजाडलं.

त्यामुळे मल्ल्या येत नाहीत म्हणून इंग्रजांच्या नावाने बोटं मोडायची तर मोडा, पण कायदा संथ आहे असं म्हणू नका. समोर कोण उभा आहे ते बघून तो पावलं टाकतो, आणि ही खोड एकट्या लंडनची नाही.

राहता राहिली १८८१ च्या कायद्यात नसलेली ती राजकीय गुन्ह्याची सवलत. ब्रिटनने राष्ट्रकुलातल्या फरारींसाठी नवा कायदा करून ती घातली, १९६७ साली. सावरकर २६ फेब्रुवारी १९६६ ला गेले होते.