देवाने ऐकलेले काका

ठाण्याला आमच्या समोरच्या बिऱ्हाडात सॅम्युअलकाका राहतात. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले यहुदी. मराठी आमच्यापेक्षा अस्सल, अष्टागरातली. त्यांना नाव विचारू नये, हे चाळीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. नव्या पोस्टमनला नव्हतं.

"सॅम्युअल हे साहेबाचं," काका पेन हातात घेऊन म्हणाले. "हिब्रूत शमुएल. मराठी बायबलात शमुवेल. आमच्या पूर्वजांनी कोकणात त्याचं समाजी केलं, तसंच इझिकेलचं हसाजी. बोला, कोणती सही करू?"

"आधार कार्डावर असेल ती."

"तिथे श्यामवेल आहे."

पोस्टमन पायरीवर बसला. मग काकांच्या बोलण्यात समाजी हसाजी दिवेकर आलेच. टिपूच्या कैदेतून सुटलेला हा फौजी अधिकारी. त्यानं १७९६ साली मुंबईत इस्रायलींची पहिली मशीद बांधली (सिनेगॉगला हे लोक मशीदच म्हणत आले). मशीद बंदराजवळची सॅम्युअल स्ट्रीट त्याच्या नावाची. हे सांगताना काका असे ताठ होतात, की त्या रस्त्याचा सातबारा यांच्याच नावावर असावा.

अर्थ शेवटी. "शमुएल म्हणजे देवाने ऐकले! हन्नाला मूल नव्हतं, तिनं नवस केला, देवानं ऐकलं."

एकदा मी मध्ये तोंड घातलं. "पण काका, हन्ना तर म्हणते, मी याला देवाकडे मागून घेतला. मागितलेला म्हणजे हिब्रूत शाऊल. ते नाव पुढच्या राजाचं. आणि काही पंडित शमुएलचा अर्थ 'त्याचं नाव देव' असा लावतात."

"तेच सांगतोय मी," काका म्हणाले. "देवाने ऐकले."

आतून काकू म्हणाल्या, "देवानं ऐकलं असेल. हे कुणाचं ऐकतात?"

त्या दिवशी एलियाहू हनाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाचा, मलिदा होता. पोहे भिजत पडले होते, वेलची कुटून झाली होती, नारळ तसाच. काकूंनी तीनदा हाक मारली, "अहो, नारळ!" काका तेव्हा मला देवळातल्या लहानग्या शमुवेलची गोष्ट सांगत होते: रात्री देवानं हाक मारली, पोर उठून धावलं ते म्हाताऱ्या एली याजकाकडे. तीनदा तसंच.

काकू खवणी घेऊन दारात आल्या. "चुकीच्या माणसाकडे का होईना, तो धावला तरी!"

काकांनी ऐकलं नाही. नारळ मी खवला.