फरशीचा हिशोब

"काय वो काकू, सकाळी मिस्त्री कशाला आलता?"

"अगं, रोडकडच्या तीन खोल्या हायत ना किरायाच्या, त्यात फरशी टाकावी म्हणते. 40 हजार सांगितले त्यानं. चकाचक झाल्यावर किराया बी वाढंल."

"किती वाढंल?"

"खोलीमागं शंभर तरी."

"म्हंजे तिन्हीचे मिळून 300. अकरा वर्षं लागतील की वो पैसे फिटायला! तवर फरशीच उखडंल."

"मग काय करू माय? दोन खोल्यांना दिवाळीपासून कुलूप हाय."

"कुलूप काहून हाय ते बघा ना आधी. चौपदरीचं काम चालू होतं तवा कंपनीची माणसं कसल्याबी खोलीत राह्यली. ते गेले आता. आता येणार ते बदलीवरचे मास्तर, बँकेतले. नांदेड-हिंगोली रोड अन् नागपूर-तुळजापूर रोड हितं फाट्यावरच मिळतेत, कुठं बी जायला बरं पडतं म्हणून येतेत, पर बायका-लेकरं घेऊन. त्यांची बायको फरशी नाही बघत, संडास कुठंय ते विचारती. तुमचा तिघांत एक, तो बी परसात. पाणी बादलीनं."

"खरंय. परवा एक जोडपं आलतं. आत डोकावलं अन् गेलं ते गेलंच."

"अन् तीन बिऱ्हाडांत मीटर एक. बिल आलं की भांडण! आतून छोटी मीटरं बसवा, फार पैसे लागत नाहीत."

"भाचा म्हणतो, पावत्या ठेव, दुरुस्तीची टॅक्सात सूट मिळती."

"नाही वो. घरभाड्यावर 30 टक्के वजावट मिळती ती सरसकट, रुपया लावा नाहीतर लाख लावा. कर्ज काढलं तर व्याजाचं वेगळं. अन् काकू, तुमचं उत्पन्न टॅक्सात बसतंय तरी का?"

"ह्यांना विचारते."

"विचारा. पर पत्र्यावरचे दगड काढले का? 2024 ला 21 मार्चला सकाळी सहाच्या सुमाराला जमीन हालली, रिश्टरवर 4.5. जुलैत 10 तारखेला पुन्हा तेवढाच धक्का. प्रशासनानं तवाच सांगितलं होतं, पत्र्यावर दगड ठेवू नका."

"काढले होते की! वावधानात पत्रा उडाला, मग पुन्हा ठेवले."

"अगं बाई! खाली कोणाचं लेकरू झोपलेलं असतंय. हूक-नट मारून पत्रे आवळून घ्या. त्यानं किराया एक रुपया वाढणार नाही, तरी पहिला खर्च तोच करा."

"अन् संडास?"

"त्यो दुसरा. संडास, टाकी मिळून 35 हजार धरा. दोन्ही खोल्या दीड-दीड हजारानं गेल्या तर वर्षात वसूल. मिस्त्रीला आत्ताच फोन लावा. एकदा फरशीचा माल उतरला की दुकानदार परत घेत नसतो."