वड्याखालचा वाचक

दर शुक्रवारी सदर लिहायला बसलो की माझा आदर्श वाचक समोर येऊन बसतो. चेहऱ्याने गंभीर, पण नेमक्या जागी हसणारा. रविवारी सकाळी तो आधी राशिभविष्य उघडत नाही, क्रिकेटकडे ढुंकून बघत नाही, थेट माझ्याकडे येतो. तिसऱ्या वाक्यात मी दडवलेला श्लेष त्याला लगेच सापडतो आणि तो स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने वाचून दाखवतो. आतूनही हसू ऐकू येतं. (इथे माझी कल्पनाशक्ती जरा हाताबाहेर जाते, मान्य.)

अवधान मागायची आपली परंपरा जुनीच. ज्ञानेश्वरांनीही नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे तेच मागितलं. त्यांच्यासमोर संतसज्जन होते. माझ्या वाट्याला शेजारचे काका आले. निवृत्त मुख्याध्यापक. सदर अक्षरन् अक्षर वाचतात, पण हातात लाल पेन घेऊन. महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठराही नियम त्यांना तोंडपाठ. परवा भ्रष्टाचारावर जीव तोडून लिहिलं, तर जिन्यात गाठून म्हणाले, "नवव्या ओळीत ‘आणि’ दीर्घ पडलाय."

"पण काका, लेख कसा वाटला?"

"तेच सांगतोय ना!"

घरातलं मत विचारू नका. आपलं नाव आलेलं नाही एवढं तपासून अंक बाजूला ठेवला जातो.

खरा वाचक भेटला तो स्टेशनबाहेर, वडापावच्या गाडीवर. पाव संपला तरी गडी कागद सोडेना. डोकावलो तर माझंच सदर! तेलाने कागद पारदर्शक झालेला, त्यामुळे मागच्या पानावरची साड्यांच्या सेलची जाहिरात माझ्या वाक्यांत मिसळलेली. मंत्रिमंडळ विस्तारावरच्या परिच्छेदात मधेच "एकावर एक फ्री" उमटलं होतं. तो खदखदून हसला. इतका नेमका विनोद मला आयुष्यात साधलेला नाही. मग कागद उलटासुलटा करत त्याने गाडीवाल्याला विचारलं, "याच्या पुढचं हाय का?" गाडीवाल्याने आणखी एक वडा तळायला सोडला.

हा वाचकही फार दिवस टिकेल असं नाही. छपाईच्या शाईतली रसायनं प्रकृतीला घातक, म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ देऊ नका, असं अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2016 सालीच बजावलं. 2018 च्या नियमांत तर मनाईच केली. माझ्या लेखनाच्या परिणामाची सरकारदरबारी घेतली गेलेली ही एकमेव दखल. गाडीवाल्याने ते नियम अजून वाचलेले नाहीत. त्याच कागदात बांधून आले असते, तर कदाचित वाचले असते.

तेव्हा एक विनंती. त्या सदराचा खालचा अर्धा भाग ज्यांच्या भज्यांबरोबर गेला असेल, त्यांनी तो कृपया गाडीवर आणून द्यावा. तो माणूस रोज संध्याकाळी सातच्या सुमारास येतो.