प्रोग्रॅम कायमचा कसा लटकवावा

प्रोग्रॅम क्रॅश करणं हे नवशिक्यांचं काम. एरर येते, ओळीचा नंबर दिसतो, कुणीही दुरुस्त करून मोकळा होतो. खरं कसब लटकवण्यात आहे. एरर नाही, सीपीयू शांत आणि लॉग मध्यरात्रीपासून मुका! त्यासाठी २००४ साली जावा ५ मध्ये आलेला काउंटडाउनलॅच उत्तम. त्यात आकडा भरायचा. काम आटोपलं की प्रत्येक थ्रेडने 'काउंटडाउन' करायचं. आकडा शून्य झाला की 'अवेट'वर अडलेले सगळे सुटतात. आता कृती.

१. काउंटडाउन कामाच्या अगदी शेवटच्या ओळीत लिहा, 'फायनली'त मुळीच नको. पाचांपैकी एका थ्रेडला फाइल सापडली नाही की एक्सेप्शन उडतं, ती ओळ गाठलीच जात नाही आणि आकडा १ वर अडतो. काम 'सबमिट'ने दिलं असेल तर दुधात साखर: एक्सेप्शन फ्यूचरच्या पोटात गडप होतं आणि 'गेट' केल्याशिवाय कुणाला पत्ता लागत नाही.

२. अवेटला मुदत देऊ नका. साहेबांनी द्यायला लावलीच, तर तो ट्रू सांगतो की फॉल्स, तिकडे ढुंकूनही पाहू नका. मुदत संपली तरी सगळं झालं असं समजून पुढे चला.

३. पूलमध्ये थ्रेड ४, लॅचचा आकडा ५. प्रत्येक काम काउंटडाउन करून तिथेच अवेटवर बसवा. चौघे पाचव्यासाठी खोळंबतात. पाचवा रांगेत, चौघांपैकी कुणी जागा सोडेल म्हणून.

४. लॅच नकोच असेल तर वेट-नोटिफाय आहे. आधी नोटिफाय करा, मग वेट. नोटिफाय कुणासाठी साठवून ठेवला जात नाही, त्यामुळे उशिरा आलेला थ्रेड बसूनच राहतो. अट 'व्हाइल'ऐवजी 'इफ'ने तपासा. थ्रेड विनाकारणही जागा होऊ शकतो, हे जावाच्या दस्तऐवजांत लिहिलेलं आहे, तेव्हा ते वाचू नका.

एकच धोका: जेस्टॅक चालवणारा सहकारी. थ्रेड डम्पमध्ये मुख्य थ्रेड 'वेटिंग' आणि खाली अवेटची ओळ दिसली की तुमचं बिंग फुटलंच. मग मुकाट्याने काउंटडाउन फायनलीत टाका, अवेटला मुदत द्या आणि त्याचं उत्तर तपासा. बिनमुदत वाट पाहणारा कोड रिव्ह्यूमध्ये पास करू नका, स्वतःचा असला तरी.